पाच बाटल्यांना एक रोप

बाबांच्या हातातल्या वर्तमानपत्राचं पान उलटण्याचा आवाज आमच्या घरात सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पहिल्यांदा होतो आणि मग साधारण साडेतीन मिनिटांच्या अंतराने होत राहतो. अपवाद चौथ्या पानाचा. तिथे निधनवार्ता असतात आणि त्या पानाला बाबांना नऊ मिनिटं लागतात. बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांचे मित्र फोनवर नाहीत. ते थेट चौथ्या पानावरच भेटतात.

हे मी मुद्दाम मोजलेलं नाही. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं रसायनतज्ज्ञ आहे. स्वयंपाकघरात उभ्या असल्या की काही बायका गुणगुणतात, माझ्याकडून मोजलं जातं.

तर हा पेपर बंद करायचा की चालू ठेवायचा, हा प्रश्न आमच्या घरी आठ महिने भिजत पडला होता. नवऱ्याचं म्हणणं, बंद करा. तो विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्यांची पाहणी करतो. गाडीमालकाने अपघाताची कितीही करुण कहाणी सांगितली तरी त्यावर तो विश्वास ठेवत नाही, पण फोनवर आलेल्या कुठल्याही मजकुरावर ठेवतो. बाबांनी चाळीस वर्षं टपाल खात्यात काढली. जे छापलेलं आहे, ते त्यांच्या मते कोणीतरी वाचून, तपासून, जबाबदारीने छापलेलं आहे.

"अहो बाबा, पेपर म्हणजे कालची शिळी बातमी," नवरा म्हणायचा.

"शिळी असेल, पण शिजवलेली असते. तू कच्ची खातोस."

यापुढे वाद सरकत नसे. दोघेही माझ्याकडे बघत. कारण या घरात आम्ही राहायला आलो त्या दिवशी दार मी उघडलं होतं आणि पेपर टाकणाऱ्या मावशींनी वहीत माझं नाव लिहून घेतलं होतं. "नाव तुझं, निर्णय तुझा," असं नवरा म्हणे. बाबा तेवढंही म्हणत नसत. "मला काय, तुम्ही ठरवा," एवढंच म्हणून ते चौथं पान उघडत. ते पान गेलं तर त्यांच्या सकाळमधलं नेमकं काय जाईल हे मला कळत होतं आणि नवऱ्याचं म्हणणं अगदीच चूक नाही हेही कळत होतं. दर महिन्याच्या एक तारखेला मावशी बेल वाजवून विचारत, "ताई, चालू की बंद?" आणि मी म्हणे, "बघू." अशी आठ बघू झाली.

निर्णय घेता येत नसला की विज्ञानात एक सोय आहे. प्रयोग करायचा.

मी एक वही घातली. तारीख, बातमी, कुठे आली, कोणी पडताळली, निष्कर्ष, असे रकाने आखले. तीस दिवस पेपर आणि फोन या दोन्हींतल्या, मला स्वतः जाऊन तपासता येतील अशाच बातम्या घ्यायच्या, असं ठरवलं. परराष्ट्र धोरण माझ्या स्कूटरच्या टप्प्यात येत नाही, म्हणून ते वगळलं. फोनच्या बाजूने मी आमच्याच इमारतीतल्या ब्रेकिंगभाऊंचं पोर्टल निवडलं. ब्रेकिंगभाऊ तिसऱ्या मजल्यावर राहतात, इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान चालवतात आणि उरलेल्या वेळात परिसराच्या बातम्या देतात. त्यांचे तीन हजारांवर वाचक आहेत. खरं नाव कोणाला आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी पेपरात आलं की पुलाच्या पदपथाची दुरुस्ती पूर्ण झाली. मी टेप घेऊन गेले. अकरा फरशा गायब होत्या. मी वाकून मोजत असताना एका पोलिसाने विचारलं, "काय हरवलं बाई?" "अकरा फरशा," मी म्हणाले. "तुमच्या होत्या?" असं विचारून त्याने तक्रार कुठे करायची ते समजावून सांगितलं.

पाचव्या दिवशी पोर्टलवर आलं की बागेत अजगर दिसला. मी गेले. झाडांना पाणी घालायचा हिरवा पाइप होता.

"पण वहिनी, अजगरासारखा दिसत होता हे तरी खरं ना?" ब्रेकिंगभाऊ म्हणाले. "अर्धा मार्क द्या."

"मार्क नाहीत. निष्कर्ष आहे."

"मग अर्धा निष्कर्ष द्या."

वहीची बातमी इमारतीत पसरली. लोक जिन्यात मला अडवून बातम्या तपासायला देऊ लागले. मी ऑफिसला निघाले की कोणीतरी म्हणे, "जाता जाता तेवढा चौकातला सिग्नल बंद आहे का ते बघा." सल्ले तर विचारूच नका. सर्वांत मोठा सल्ला खालच्या मजल्यावरच्या गणिताच्या बाईंनी दिला. त्या शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, पण तपासण्यातून नाही. माझी वही त्यांनी चष्मा वर-खाली करत पाच मिनिटं बघितली आणि विचारलं, "यात कोरा नमुना कुठे आहे?"

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. प्रयोगशाळेत आम्ही नमुन्यांच्या प्रत्येक तुकडीत एक बाटली नुसत्या शुद्ध पाण्याची ठेवतो. तिच्यात काही सापडलं, तर दोष पाण्याचा नाही, आपला, हे कळतं. नव्या लोकांना हे मीच शिकवते. आणि माझ्याच वहीत कोरा नमुना नव्हता. तोही मला शाळेतल्या बाईंनी दाखवावा!

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी कोरा नमुना तयार केला. म्हणजे जिच्यात काहीही नाही अशी बातमी. "येत्या मंगळवारी सकाळी दहा वाजता उद्यान कार्यालयात पाच रिकाम्या काचेच्या बाटल्यांच्या बदल्यात लिंबाचं एक रोप मिळेल." काचेच्या बाटल्या का, तर आमच्याकडे नमुन्याच्या बाटल्यांचा कायम तुटवडा असतो, तेच डोक्यात होतं. लिंबू का, ते नंतर कळलं. चहा देताना मी बाबांना सांगितलं की हे फोनवर आलंय. नवरा गॅलरीत होता, त्याला सांगितलं की पेपरात आलंय. दोघेही एकमेकांच्या बाजूची बातमी म्हणून उडवून लावतील आणि माणूस बातमी नव्हे, बातमीचा पत्ता बघतो, हे सिद्ध होईल, असा माझा कयास होता. संध्याकाळी खरं सांगायचं ठरवलं होतं.

बाबा म्हणाले, "काचेच्याच का? प्लॅस्टिकच्या चालतील का?"

नवऱ्याने शब्दशः हेच विचारलं.

फुकट मिळणाऱ्या गोष्टीपुढे पत्ता कोणी बघत नाही, असा निष्कर्ष मी टिपून ठेवला आणि कामाला गेले. संध्याकाळी परतले तर दाराशी चौदा काचेच्या बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. नवऱ्याने दुपारीच इमारतीच्या ग्रुपवर कळवलं होतं, वर "पेपरात आलंय" असंही जोडलं होतं. पेपरात आलंय म्हटल्यावर ब्रेकिंगभाऊंनी पोर्टलवर टाकलं होतं, सोबत लिंबांनी लगडलेल्या झाडाचा फोटो. "मोठी बातमी" असा लाल पट्टा होता. पट्ट्याखाली एकशे साठ लोकांनी विचारलं होतं, लोणच्याच्या बरण्या चालतील का.

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात गणिताच्या बाई पाच बाटल्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या बाबांबरोबर मीही जाईन म्हणते, एकटीला रांगेत कंटाळा येतो." मी तोंड मिटलं.

शुक्रवारी सकाळी सहा वाजून सतरा मिनिटांनी तिसऱ्या पानाचा आवाज झाला आणि पुढचा आवाज झालाच नाही. मी बाहेर आले. बाबा मोठ्याने वाचत होते. "विश्वसनीय सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार, येत्या मंगळवारी उद्यान कार्यालयात..." त्यांनी मान वर केली. "बघ! फोनवर आलं तेव्हा मी जरा साशंक होतो. आता पेपरात आलं. म्हणजे पक्कं."

"मी काय म्हणत होतो?" नवरा म्हणाला. "पेपरात परवाच आलं होतं."

एक कबुली देते. त्या क्षणी घाबरण्याआधी मला किंचित बरं वाटलं. बावीस वर्षांच्या नोकरीत आणि चोवीस वर्षांच्या संसारात मला कोणी विश्वसनीय म्हटलं नव्हतं. घरात तर मी "गॅस बंद केलाय" म्हटलं, तरी कोणीतरी उठून बघून येतं.

मग घाबरले. दर सोमवारी शहराच्या पाण्याच्या अहवालावर माझी सही असते. ती बघून लोक पाणी पितात, म्हणजे बघत नाहीत, पण पितात ते तिच्यामुळेच. बातम्या रचणाऱ्या बाईच्या सहीचं पाणी कोण पिणार? नाव बाहेर येऊ न देता गुपचूप हे निस्तरायचं, असं मी ठरवलं आणि शनिवारी उद्यान कार्यालयात गेले.

कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "मंगळवारी दहा वाजता. बाटल्या धुऊन आणा."

"तुमच्याकडे परिपत्रक आलंय?"

"यायचंय. आधी पेपरात येतं, मग आमच्याकडे. नेहमीचंच आहे."

"अहो, पण अशी योजनाच नाही."

आता त्याने मान वर केली. "मग रद्द करायला अर्ज करा. योजनेचा क्रमांक टाका, म्हणजे रद्द करता येईल."

"योजनाच नाही, तर क्रमांक कुठून असणार?"

"तेच ना बाई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "म्हणूनच तर रद्द होत नाहीये."

त्याच्यामागच्या खिडकीतून अंगण दिसत होतं. काळ्या पिशव्यांमध्ये रोपं रांगेने उभी होती. सवयीने मोजलं, वीस रांगा, प्रत्येकीत सतरा. "ही कसली रोपं?"

"लिंबं. वाटपाचा कार्यक्रम व्हायचा होता. पाहुण्यांची तारीख मिळेना, म्हणून राहिलंय."

या अंगणावरून मी रोज स्कूटरने जाते. माझ्या मेंदूने मला न विचारता नमुना इथूनच उचलला होता.

रविवारी ब्रेकिंगभाऊंच्या दुकानात गेले. कोणी सांगितलं ते न सांगता, बातमीला आधार नाही एवढंच म्हणाले. माणूस भला. एकही प्रश्न न विचारता त्यांनी फोन काढला आणि अंगठा दाबला. "काढली! बघा वहिनी, दोन सेकंद. आता ही बातमी कधी आलीच नव्हती."

"पण तीन हजार लोकांनी वाचलीय."

"वाचली असेल. पण आली नव्हती."

यावर मी दुकानाबाहेर बराच वेळ विचार केला आणि त्या बातमीचा रकाना रिकामा सोडला.

सोमवारी अहवालावर सही करून मी अर्धा दिवस रजा टाकली आणि पेपरच्या कचेरीत गेले. तिथे एका टेबलावर उपसंपादक बसले होते. कागदांच्या ढिगामुळे फक्त भुवयांपासून वरचे दिसत होते.

"बाटल्यांच्या बातमीचा खुलासा द्यायचा आहे."

"उद्यान विभागाकडून आलात?"

"नाही."

"मग खुलासा कोणाच्या वतीने?"

"माझ्या."

"आपण कोण?"

गुपचूप निस्तरण्याची माझी योजना तिथे संपली. "मी ते विश्वसनीय सूत्र."

ढीग बाजूला सरकला आणि पूर्ण चेहरा दिसला. "अहो, तीस वर्षं सूत्रांच्या हवाल्याने लिहितोय," ते म्हणाले. "सूत्र समोर खुर्चीत येऊन बसलेलं पहिल्यांदाच बघतोय. चहा घेणार?"

मी सगळं सांगितलं. पोर्टलवरून त्यांच्याकडे बातमी कशी आली, हे त्यांनी कान खाजवत कबूल केलं. मग एक कागद पुढे केला. "लिहून द्या. खाली पूर्ण नाव, हुद्दा, सही. खुलासा आम्ही नावाशिवाय छापत नाही."

"बातमी मात्र छापता."

"हं. हे बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले, पण कागद मागे घेतला नाही.

मी पेन हातात धरून बसले. प्रयोगशाळेत नोंद चुकली तर खोडायची नाही, पांढरा रंग लावायचा नाही. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही करायची. चूक राहते. कोणाची, तेही राहतं. मी नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, सही केली. अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं.

"उद्याचं पान गेलं छपाईला," उपसंपादक म्हणाले. "बुधवारी येईल."

म्हणजे मंगळवार टळणार नव्हता. सोमवारी रात्रीच्या जेवणाला घरी सांगून टाकावं असं मनात आलं, पण बाबा शर्टाला इस्त्री करत होते. रांगेत उभं राहायला माणूस इस्त्री करतो, तेव्हा त्याला काय सांगणार?

मंगळवारी मी पोहोचले, तेव्हा फाटकापासून वळणापर्यंत रांग होती. सर्वांत पुढे बाबा, त्यांच्यामागे गणिताच्या बाई. बाबा रांगेतल्या लोकांना नियम समजावून सांगत होते. "बाटल्या पाचच. झाकणं काढून ठेवा. पेपरात सगळं आलंय." चाळीस वर्षं ते टपाल खिडकीच्या आत होते, आता प्रथमच बाहेर, आणि तरी खिडकी त्यांचीच वाटत होती. आपण एका दगडावर चढावं आणि खरं सांगून टाकावं, असं ठरवून मी दगड शोधू लागले. योग्य उंचीचा दगड मिळेना.

तेवढ्यात कारकून बाहेर आला, रांग बघून आत गेला आणि साहेबांना घेऊन आला. साहेबांनी रांग बघितली. मग अंगणातली रोपं बघितली. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू एक मोठी सुटका पसरली.

"वाटून टाका," ते म्हणाले. "अंगण मोकळं होईल."

"साहेब, क्रमांक?"

"नंतर टाका."

दहा वाजून चार मिनिटांनी बाबांच्या हातात पहिलं रोप होतं. दहा वाजून सात मिनिटांनी ब्रेकिंगभाऊंच्या पोर्टलवर होतं, "बाटल्यांची योजना सुरू, रोपं संपण्याआधी पोहोचा." ही त्यांची माझ्या वहीतली पहिली पूर्ण खरी बातमी. मी तिथेच उभ्या उभ्या नोंदवली. दीडच्या सुमारास तीनशे चाळीस रोपं संपली आणि अंगणात सतराशे बाटल्या जमा झाल्या. त्यांचं काय करायचं, हे परिपत्रकात नव्हतं, कारण परिपत्रकच नव्हतं. कारकुनाला कोणीतरी सुचवलं की बाटल्या पाणी तपासणीवाल्यांना लागतात. दुपारी प्रयोगशाळेच्या दारात टेम्पो उभा राहिला. निम्म्या बाटल्यांना लोणच्याचा वास होता.

बुधवार उजाडला. एक तारीख होती. सहा वाजून दहा मिनिटांनी पहिला आवाज झाला. तिसऱ्या पानावर तो थांबला, तेव्हा मी चहाचे कप घेऊन बाहेर येऊन उभी राहिले. नवरा शेजारी फोन बघत बसला होता. बाबांच्या खुर्चीशी लिंबाचं रोप होतं. बाबांनी भिंग काढलं. खुलासा तळाला, बारीक अक्षरात होता.

"अशी कोणतीही योजना नाही," बाबांनी वाचलं आणि रोपाकडे बघितलं. रोपाला रात्रीत एक नवं पान फुटलं होतं. मग पुढे वाचलं. "ही बातमी काल्पनिक असून ती आपण प्रयोगापुरती रचली, असे रसायनतज्ज्ञ श्रीमती..." पुढे माझं नाव होतं, पूर्ण. आडनाव तर त्यांचंच.

भिंग खाली आलं. "म्हणजे फोनवर आलीच नव्हती?"

"नाही बाबा."

"आणि पेपरात?" नवरा.

"तिथेही आधी नव्हती. तुम्हीच ती ग्रुपवरून तिथवर नेलीत."

"तू आम्हाला चक्क गंडवलंस!"

"गंडवलं," बाबा सावकाश म्हणाले. त्यांनी तो मजकूर पुन्हा वाचला, नावापर्यंत. "पण सही करून सांगितलं. आमच्याकडेही नोंद चुकली की एक रेघ आणि सही. खाडाखोड दिसली की मेमो." मग त्यांनी नवऱ्याकडे वळून विचारलं, "तुझ्या फोनवर आलाय का हा खुलासा?"

नवऱ्याने पोर्टल चाळलं. "इथे ती बातमीच नाहीये."

"ती आलीच नव्हती," मी म्हणाले.

"पण बाबा," नवरा उसळला, "योजना सुरू झाली, हे तुमच्या पेपरात कुठाय? माझ्याकडे कालच आलंय. तुम्ही लिंबाच्या शेजारी बसून लिंबू नाही असं वाचताय."

बाबांनी रोपाला थोडं पाणी घातलं.

सात वाजता आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांचा फोन आला. मी बाल्कनीत गेले. "खुलासा वाचला," ते म्हणाले. "कोरा नमुना ठेवायची कल्पना चांगली. पण कोऱ्या नमुन्याला लेबल लावायचं असतं. हे नव्या लोकांना तुम्हीच शिकवता ना?" मी हो म्हणाले. "आणि त्या बाटल्या लवकर हलवा. सगळीकडे लोणच्याचा वास येतोय." एवढंच. सोमवारच्या सहीबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

आत आले तर बेल वाजली. मावशी दारात होत्या, हातात नावांची वही. "ताई, पेपरात नाव आलंय तुमचं! सगळ्यांना दाखवत आले." मग नेहमीच्या सुरात, "तर? चालू की बंद?"

मागे बाबा चौथ्या पानावर होते. नऊ मिनिटं उलटून गेली होती आणि पान उलटलं नव्हतं. नवऱ्याने फोन खाली ठेवला होता. घशाशी नेहमीचं 'बघू' आलं. त्याला मी एक आडवी रेघ मारली.

"चालू," मी म्हणाले. "आणि मावशी, नाव माझंच राहू दे."